विलायती रायफलची शेवटची गोळी

पालघर, गुरुवार, ऑक्टोबर १९६४

भातात शिरलेलं डुक्कर आज वीस पावलांवर होतं आणि मी रायफल झाडलीच नाही! विलायती म्हणून हौसेने घेतली, पण तिच्या गोळ्या मिळतात कुठे, हे विचारायचं सुचलं नाही. मुंबईचा दुकानदार म्हणतो, वर्षभर थांबा. माझ्याकडे उरलीय एकच गोळी. तीही उडवली तर हातात काय, काठी? म्हणून मी ओरडलो, “धर्मा, मार!” शेजारच्या धर्माने आपल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीने पहिल्याच बारात डुक्कर आडवं केलं. संध्याकाळी तो माझा वाटा घेऊन आला. गोळी खिशात चाचपत मी विचारलं, “बंदूकवाल्याचा वाटा एवढासाच?”

“बंदुकीचा नाय, तात्या. हा हाकारे देणाऱ्याचा हाय. तुमी आरडलात ना!”