खाजणातल्या तुतवाराला दुसरी सही मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
किनारी उद्याने विभाग,
खोली क्र. ४ (जिन्याखालची).

विषय : सख्ख्या साडूंना, त्यांनी स्वतः पाहिलेल्या पक्ष्याखाली सही करण्यास भाग पाडण्याबाबत.

संदर्भ : दक्षिण खाजण बुजवून वाहनतळ करण्याची आपली सूचना, फाटकावर वाकडी डकवलेली.

महोदय,

पोस्टासमोर माझे चष्म्याचे दुकान आहे व दर रविवारी मी आपल्या उद्यानात पक्षी पाहतो. आपल्या सूचनेत म्हटले आहे की, दक्षिण खाजणात तीन वर्षांत दुर्मिळ पक्ष्याची एकही ग्राह्य नोंद नाही, सबब भराव टाकण्यास प्रत्यवाय नाही. हे धादांत खोटे आहे. पक्षी भरपूर आहेत, सह्या नाहीत.

१. आपल्याच नियमानुसार दुर्मिळ पक्षी दोघांनी पाहून दोघांनी सही केली, तरच तो नोंदवहीत चढतो. त्या चिखलाकडे फिरकणारे आम्ही दोघेच. एक मी आणि दुसरे माझे साडू, निवृत्त हेडमास्तर, ज्यांना घरात मास्तर म्हणतात. आमचे बोलणे तीन वर्षे बंद आहे.

२. कारण मी नोंदवलेला एक पांढरा बगळा ही खारफुटीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी होती, असे मास्तरांनी सासूबाईंच्या घरी सर्वांदेखत जाहीर केले. चष्मेवाल्याच्या नजरेबद्दल असे बोलणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे. मास्तरांच्या चष्म्याचा नंबर मीच काढलेला आहे, त्यामुळे त्यांना काय दिसते व काय दिसत नाही हे मला पक्के ठाऊक आहे.

३. गेल्या रविवारी सकाळी सहापासून आम्ही निरीक्षण-खोपटातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. नऊ वाजून वीस मिनिटांनी ओहोटीच्या चिखलावर चमच्यासारख्या चोचीचा तुतवार उतरला. असा पक्षी मी जन्मात पाहिला नव्हता. मी फक्त खाकरलो. मास्तरांनी दुर्बीण वळवली आणि चार मिनिटे त्यांचा आ मिटला नाही. मी फॉर्म भरून, सही करून मध्ये ठेवला. त्यांनी त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला व जेवू लागले.

४. दुपारी पावणेपाचला काळ्या टोकाच्या पिवळ्या चोचीचा सुरय आला, जो त्याहून दुर्मिळ. तो आधी मास्तरांना दिसला, हे नाइलाजाने नमूद करतो. त्यांनी आपला भरलेला फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी तो चष्म्याच्या पेटीत घातला व घरी निघून आलो. हे वर्तन शोभणारे नव्हते, परंतु तेलाचा डाग तरी पडला नाही.

५. जाताना फाटकावर आपली सूचना दिसली. आम्ही दोघांनी ती शेजारी उभे राहून वाचली आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेलो.

६. माझ्या पत्नीने तिच्या बहिणीला फोन लावला. निरोप आला, "आधी ती पिशवी होती म्हणून लिहून द्या, मग बघू." यावर पत्नी मला म्हणाली, "त्यांच्या कागदावर तुम्हीच करा की सही. खाजण वाचेल." हा मार्ग मला सुचला नव्हता असे नाही. पण मग नोंदवहीत मास्तरांचा पक्षी राहील आणि माझा तुतवार कायमचा पिशवीच्या रांगेत जाऊन बसेल.

७. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता कारकुनांनी मान वर न करता सांगितले, "वहीत नाही म्हणजे पक्षीच नाही." त्यांनाही चष्म्याची गरज आहे. ती चाचणी मी विनामूल्य करून देईन.

तरी मास्तरांना आपल्या टेबलासमोर बसवून त्यांच्याकडून सही घ्यावी, ही विनंती. हरकतींची मुदत परवा संपते. ते खाजण गेले तर रविवारी मला कुठे जावे हे कळणार नाही. मास्तरांनाही कळणार नाही, आणि याचे मला वाईट वाटते, ही गोष्ट कृपया त्यांना कळवू नये.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
पोस्टासमोरचा चष्मेवाला
दि. १९ फेब्रुवारी

सोबत :
१. तुतवाराचा फॉर्म. एक सही. डाग मास्तरांच्या डब्याचा.
२. सुरयाचा फॉर्म. दोन्ही सह्या. माझी आज सकाळी केली. वहीत चढवून घ्यावा व भराव थांबवावा.
३. पिशवीबाबत काहीही जोडलेले नाही.