केनियातले पक्षी आणि सुधाचा आवाज

मुलुंड, रविवार संध्याकाळ

सुधाची मुलगी आज येऊन म्हणाली, “मावशी, केनियाच्या व्हिडिओंत आईचा आवाज असेल ना?” म्हणून लिहायला बसले. अर्धांगवायूने सुधाची वाचा गेली आहे. आणि त्या सहलीत मी काय केलं? अनोळखी पक्षी टिपताना तिला सतत गप्प केलं. घरी आल्यावर तिची बडबड कापून पक्षी तेवढे ठेवले. कोणासाठी?

मुलीला बसवून सगळं शोधलं. एकच व्हिडिओ न कापलेला निघाला.

“अगं, हा टकल्या बघ, आपल्या सोसायटीचा सेक्रेटरीच!”

“गप्प बस गं, उडेल ना!”

पक्षी उडाला तो माझ्या ओरडण्याने. सुधा खदखदून हसली.

माझं ओरडणं कापणार होते, पण तिचं हसणं त्यातच मिसळलंय. तसाच पेनड्राइव्हवर घालून मुलीच्या हातात दिला.