अक्काच्या फोटोंची आणि पुढच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार याच घरात आणि एकटीच, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या भावाला, दादाला, तो आधी दाखवावा.

१. सदर घर अक्काच्या आणि माझ्या पगारातून घेतलेलं, स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात पुतणीला मिळावं. अट एकच: विकण्याआधी महिनाभर पुढच्या खोलीत अक्काच्या फोटोंचं प्रदर्शन भरवावं, सर्वांना खुलं. ती फोनवर म्हणाली, "अगं आत्या, कोण येणार बघायला?" तरी अट कायम आहे.

२. अक्का, माझी थोरली बहीण, इस्पितळात नर्स होती. बाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांचे फोटो ती त्यांना विचारून काढायची. ती गेल्यावर दादा म्हणाला, "रद्दीत घाल सगळं." मी उलट प्रदर्शन मांडायला शिकले, साठी उलटल्यावर, पोरासोरांच्या वर्गात. पहिलं प्रदर्शन वाचनालयात लावलं. एकही फोटो गाळवेना, म्हणून झाडून सगळे ठोकले. लोक न बघता पाणी प्यायला जायचे. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, एवढ्या गर्दीत एकही माणूस दिसत नाही हो." असा राग आला! पण घरी येऊन निम्मे काढले. एकेक बाजूला ठेवताना अक्काला पुन्हा पोचवून आल्यासारखं वाटलं.

३. पुतणीने लक्षात ठेवावं: फोटो जरा खाली लावावेत, लहान मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांनाही दिसले पाहिजेत. खालचा मजकूर दोन ओळी, उपदेश नको. दोन रडवेले चेहरे शेजारी आले की दुसऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मधली भिंत मोकळी सोडावी. सध्या मांडणी तशीच आहे. संध्याकाळी मी दारापासून सुरुवात करून एकटीच बघत फिरते. फार एकटं वाटतं, लपवून काय करू?

४. बँकेतली शिल्लक इस्पितळाला, बाहेरच्या बाकांसाठी. पाठ टेकता येईल अशीच बाकं घ्यावीत. शिडी आणि हातोडा दादाला.

५. रंगकामाचं निमित्त काढून माझं दुसरं प्रदर्शन तिसऱ्याच दिवशी उतरवणाऱ्या ग्रंथपालांना निमंत्रण द्यावं. चहा देऊ नये.

स्थळ: पुढची खोली. दिनांक: ४ ऑक्टोबर.
सही: लिहून ठेवणारी, धाकटी बहीण.
साक्षीदार पहिले: फ्रेमवाले, जुने स्नेही.
साक्षीदार दुसरे: विजेचं मीटर बघायला आलेले गृहस्थ. शेजाऱ्यांकडे कुलूप होतं, म्हणून जिन्यातून बोलावले. ओळख आजचीच.

पुरवणी, दोघांच्या समक्ष: सही करूनही मीटरवाले गेले नाहीत. भिंतीवरच्या एका फोटोपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आमची आई अशीच बसायची, पिशवी मांडीवर घट्ट धरून. कुणी काढलाय हो हा?" मी अक्काचं पूर्ण नाव सांगितलं. कित्येक वर्षांत ते मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.