कपाळी कुंकू लावलेले बिशप

शॉमबर्ग, अमेरिका, ८ मे १९८५

कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत कुमुद आणि मी एका डब्यात जेवायचो आणि सिस्टरनी दिलेली संतांची चित्रं वाटून घ्यायचो. आज तेच आठवत राहिलं. उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन, म्हणून शेजारच्या पोलिश हेलेनाने तिच्या संत स्टॅनिस्लाव बिशपचं चित्र दिलं. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि सवयीने कुंकू लावलं. थेट बिशपच्या कपाळाला!

संध्याकाळी तिने पाहिलं. मी ओशाळले. ती हसली, "राहू दे गं! राजाने तलवारीने तुकडे केले त्यांचे. एवढ्याशा लाल रंगाने काय होतंय?" मग हळूच म्हणाली, "गरुडांनी त्या तुकड्यांची राखण केली. आणि सगळं शरीर पुन्हा जुळलं."

नऊशे वर्षं माणसं हे सांगत आली आहेत. मला खरं वाटतं का? ठाऊक नाही. पण ते कुंकू पुसवेना, चित्रही तिथून हलवेना. उद्या माझीही छाती उघडून पुन्हा जोडणार.

नाहीच जुळलं, तर देव्हारा लेकीला, मीनाला. पूजा इंग्रजीत केली तरी चालेल. पाटल्या सूनबाईला. लोणच्याची बरणी हेलेनाला, ह्यांना तिखट सोसत नाही. ही वही मात्र ह्यांनाच, पण मी खरंच परत आले नाही तरच.