फणसवाडीतली न पडणारी भिंत

माटुंगा

तीर्थरूप रमाकांतमामा यांस,

विनीतचा साष्टांग नमस्कार (कागदावरच. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील, कंबर गेली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? पद्मजामामीचा खोकला थांबला का? आम्ही बरे आहोत. फक्त मी झोपेत ‘खाली कोण आहे, बाजूला व्हा’ असं ओरडतो, अशी नूपुरची तक्रार आहे. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही (तिचं येतं), म्हणून पत्र लिहितोय.

इमारती पाडायचा धंदा हा काही चारचौघांत सांगायचा धंदा नव्हे. माझ्या लग्नात तुम्हीसुद्धा ‘भाचा बांधकामात आहे’ असंच सांगत होतात. पण फणसवाडीतल्या चाळीनं मला जेवढं थकवलं, तेवढं आजवर कुठल्याच कामानं थकवलं नव्हतं. भाडेकरू तात्पुरत्या घरांत गेले, वीज-पाणी तोडलं, भोवती पत्रे ठोकले, हिरवी जाळी लावली आणि कौलांपासून सुरुवात केली. पहिला घण पडला आणि समोरच्या फुटपाथवर खुर्च्या मांडल्या गेल्या. गेलेले सगळे बघायला परत आले होते, थर्मास घेऊन! वर माझी माणसं घण घालताहेत आणि खालून हे ओरडताहेत, ‘अहो, हळू!’ (हळू कसं पाडतात, ते मला अजून कळलेलं नाही.) धूळ बसावी म्हणून आमचा माणूस पाणी मारत होता, तर खुर्चीतून सुभद्राबाई (चाळीतल्याच जुन्या भाडेकरू) त्याला म्हणाल्या, ‘कोपरा राहिला बघ.’

यांचे पुढारी अजितराव, विमा कंपनीतले निवृत्त हेडक्लार्क. ‘इमारत धोकादायक आहे, कधीही कोसळेल’ असे अर्ज वर्षानुवर्षं त्यांनीच केले. काम त्यांच्या खोलीपाशी आलं, तेव्हा हट्टाला पेटले, ‘पहिला घाव मी घालणार.’ नाही नाही म्हणत शेवटी हेल्मेट घालून, कमरेला पट्टा बांधून त्यांना वर नेलं. त्यांनी डोळे मिटले आणि घण हाणला. तो उसळून परत आला. भिंतीवर ओरखडासुद्धा नाही! पुन्हा हाणला, तर मनगट लचकलं. फुटपाथवर टाळ्या पडल्या. ‘बघा, आमची भिंत!’ आणि लगेच सुभद्राबाईंचा आवाज आला, ‘मग अजितराव, धोकादायक ती कुठली हो?’

टाळ्या थांबल्या. अजितराव विटांच्या ढिगावर बसले. हळूच म्हणाले, ‘विनीतराव, चुकलं का हो आमचं? एवढ्या लोकांना मी घराबाहेर काढलं.’

मामा, दिवसभर धूळ खाल्ल्यावर माणसाकडे समजुतीचे शब्द उरत नाहीत. मी पहार घेतली आणि वरच्या तुळईत खुपसली. ती शिऱ्यात चमचा जावा तशी आत गेली. भुसा गळायला लागला. त्यांनी स्वतः बोट घालून पाहिलं. ‘याच्याखाली झोपत होतो मी?’ आणि काय सांगू, तसेच पट्ट्यासकट गॅलरीकडे धावले (पट्टा धरून मीही धावलो) आणि नातू झाल्यासारखे आनंदानं ओरडले, ‘वाळवी! सगळी वाळवी लागलीय!’ खाली सुभद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाकीच्यांनी चहा ओतला.

पुढे डेब्रिज, म्हणजे विटामातीचा ढिगारा, उचललं, पाया खणून काढला, जमीन सपाट केली. मंडळी आत आली आणि त्या सपाटीवर आपापली खोली शोधू लागली. नळ कुठे होता, यावरून भांडणही झालं. अजितराव मात्र मधोमध उभे होते. ‘एवढ्याशा जागेत एवढे जण मावत होतो?’ रिकामी जागा नेहमी लहानच दिसते, हे मी दर वेळी लोकांना समजावतो. या वेळी नाही समजावलं.

मामीला नमस्कार.

तुमचा,
विनीत

ता. क. दादरची तुमची इमारत पाडायचं काम मला मिळालं आहे. खोली सोडायचे फक्त तुम्ही राहिला आहात.

आणखी एक ता. क. मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण दुसरा कोणी मशीन लावून तुमचं घर एका दिवसात आडवं करणार, हे मला बघवलं नसतं. मी वरून, हातानं उतरवीन. आमची आतली खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. रविवारी गाडी घेऊन येतो.

शेवटचं. मामीनं नूपुरला इकडे यायचा होकार केव्हाच दिला आहे आणि मामीच रोज पिशवीतून थोडं थोडं सामान इकडे आणते आहे. तुम्ही घरभर शोधताय तो अडकित्ता आमच्या फळीवर आहे.