पिल्लाच्या उडीआधी

३ मार्च, सोमवार

नापास! रानबदकाचं पिल्लू कड्यावरून पहिली उडी मारतं — दोन मिनिटं दहा सेकंद — माहितीपटातल्या त्या दृश्यासाठी मी दिलेली तिसरी चाल परत आली. दिग्दर्शक म्हणतो, "आशा हवी, पण गोड नको. भीती हवी, पण पोरं रडायला नकोत." मग मीठही बेताचंच टाकू का?

खरं दुखणं वेगळंच आहे. संकलकाने तात्पुरतं म्हणून दृश्याखाली कुठलंसं जुनं संगीत लावून ठेवलंय. आता सगळे त्याच्याच प्रेमात. "अगदी असंच हवं, फक्त वेगळं." असंच आणि वेगळं!

४ मार्च

चौथी चाल. बायको दारातून म्हणाली, "उडी मारायच्या आधी त्याला जरा थांबू दे की." मी म्हटलं, तू तुझं काम बघ. तिने दार ओढून घेतलं.

६ मार्च

पाचवी, सहावी — दोन्ही परत. "त्यात जे आहे ते ह्यात नाही." एकवीस वर्षं मुंग्या, मगरी, देवमासे, कशाकशाला संगीत दिलं मी! आणि आता एक बदक माझ्या मुळावर उठलंय. सोमवारपर्यंत जमलं नाही तर मालिकेचे पुढचे पाचही भाग दुसऱ्याला देणार. हे हसत हसत सांगितलं मला.

जेवताना त्या जुन्या संगीतकाराला मनसोक्त शिव्या घातल्या. मेला असेल तर सुटला, म्हटलं. बायको पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

७ मार्च

सातवी. परत.

८ मार्च

शेवटी संकलकाला फोन केला — कोण हा महापुरुष?

"सर, चेष्टा करता का? पाणमांजरांवरच्या तुमच्या जुन्या माहितीपटातलं शेवटचं दृश्य. नाव तुमचंच आहे!"

माझं! आनंदाने उठलो, आणि परत खाली बसलो. त्यातला एक सूर आठवेना. पाणमांजरांच्या वेळी मी काविळीने इस्पितळात होतो. शेवटचं दृश्य राहिलं होतं. बाहेर आलो तो थेट मगरींच्या मागे लागलो. ते दृश्य वेळेत पोचलं कसं, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही. आणि घरात वाजवणारं दुसरं माणूस एकच होतं. लग्नाआधी तर माझ्यापेक्षा बरं वाजवायची.

९ मार्च

विचारलं. ती भांडी पुसत होती.

"हो, माझंच."

"मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"तुला ओळखू येतंय का ते बघत होते. शिव्या मात्र छान देतोस."

फार लाज वाटली. दुपारी ती कीबोर्डवर बसली, मी चहा केला. चहा निवायच्या आत पिल्लू कड्यावर येऊन थांबलं होतं.

१० मार्च, सोमवार

मंजूर! "हेच, हेच हवं होतं!" मी दिग्दर्शकाला स्पष्ट सांगितलं — चाल बायकोची आहे, नाव तिचं टाका. फोन ठेवला तेव्हा छाती जरा फुगलीच होती.

ती म्हणाली, "आधी पाणमांजरांवरचं नाव बदल."