धून थांबते ती जागा

रविवार, दिवेलागण. अवसरी.

महाळुंग्याच्या लग्नाला गेले नसते तर बरं झालं असतं. का गेले? घरात बोलायला कुणी नाही, म्हणून.

पाठवणीला बँडच्या पोरानं गिटारवर आमच्या ह्यांची धून धरली. इकडच्या बँडमध्ये विजेवरची गिटार पहिल्यांदा आणली ती ह्यांनीच. हे गेले, कॅसेट तेवढी राहिली. ती कुणीतरी मोबाइलवर चढवली, आता सगळी पोरं त्यावरूनच शिकतात.

वाजवता वाजवता तो मधेच थांबला. अगदी तिथंच.

नंतर विचारलं, "मधेच का थांबलास रे?"

"काकू, तीच तर खरी जागा हाय. मास्तरांनी मुद्दाम ठेवलीय. तिथं नवरीची आई हमखास रडती."

मुद्दाम कसलं. हे घरीच रेकॉर्ड करत बसले होते आणि मी सैपाकघरातून ओरडले, "अहो, चहा निवतोय." हे थांबले, हसले, पुन्हा वाजवायला लागले. गिटारची वायर सरळ टेपला जोडलेली, त्यामुळं माझा आवाज आलाच नाही. थांबणं तेवढं आलं.

पोराला हे सांगितलं नाही. सांगून काय करायचं? आणि पोरं लई वेळ थांबतात तिथं. हे एवढे थांबले नव्हते.

आज त्या जागेत तोंडात आलंच होतं, अहो, चहा निवतोय. सगळ्याच बायका रडत होत्या, त्यात माझं खपून गेलं.